एप्रिलचा हिमालय आणि एक रिकामा दिवस

गढवालातल्या चोपत्याला एप्रिलमध्ये कोणता ऋतू असतो, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘किती वाजता?’ पहाटे पाचला कडक हिवाळा असतो, बाहेर ठेवलेल्या बादलीत बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. नऊला असं ऊन पडतं की स्वेटर काढून कमरेला बांधावा. बाराला ढग, दोनला गडगडाट, तीनला गारा नाहीतर बर्फ. आणि पाचला पुन्हा सगळं लख्ख, चौखंब्याचं शिखर असं समोर उभं की दुपारी काही झालंच नव्हतं.

मी व्यावसायिक आयोजक नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर गढवालात जायला लागले, मग सोसायटीतल्या मैत्रिणी, त्यांच्या जावा-नणंदा, कुणाची दहावी आटोपलेली मुलं असा गोतावळा जमत गेला. आता दर वर्षी मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक भरते आणि तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मावशी, तिथे थंडी किती असते?’ पुण्यात पंखा पाचवर फिरत असताना या प्रश्नाचं उत्तर कुणाला पटत नाही. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली, म्हणजे उन्हाळा. उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचं, म्हणजे महाबळेश्वरसारखंच पण जरा जास्त, असा एक हिशेब डोक्यात असतो.

आमचा मार्ग काही अवघड नाही. हरिद्वारहून ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ. मग सारी गावात मुक्काम, तिथून देवरियाताल. पुढे चोपता आणि तिथून तीन-साडेतीन किलोमीटरच्या फरसबंदी वाटेने तुंगनाथ. पंचकेदारांपैकी हा तिसरा केदार, साधारण ३,६८० मीटरवर. मंदिराच्या वर चंद्रशिलेचा माथा. चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे, म्हणजे मंदिरापर्यंतची चढाई हजार मीटरच्या आसपास. सिंहगड ज्यांना पायाखालचा आहे त्यांना ही वाट जमते. फरक एवढाच की सिंहगडावर हवा बिघडली तर आपण भिजतो आणि घरी येऊन आल्याचा चहा पितो.

हवा इतकी चंचल का, हे मी बैठकीत दोन कारणांनी सांगते. पहिलं कारण फार लांबून येतं. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. वर्तमानपत्रात आपण ‘पश्चिमी विक्षोभ’ हा शब्द वाचतो तो हाच. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा झोपवणाऱ्या गारपिटीच्या बातम्यांतही पुष्कळदा याचंच नाव असतं. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त, पण एप्रिल-मे महिन्यांतही ते येत राहतात. एखादा आला की एक-दोन दिवस, कधी तीन, हवा धरून बसते. दुसरं कारण तिथलंच, रोजचं. सकाळी ऊन डोंगराच्या उतारांवर पडतं, उतार तापतात, दरीतली दमट हवा उतार चढत वर सरकते, वर गेल्यावर निवते आणि तिचे ढग होतात. दुपारपर्यंत ते इतके उंच वाढतात की गडगडायला लागतात. आपला वळीव याच घराण्यातला. पण पुण्यात वळीव आला की आपण गॅलरीत उभं राहून मातीचा वास घेतो. तोच चंद्रशिलेच्या धारेवर गाठतो तेव्हा गारा, बर्फ, वारा आणि वीज एकाच अर्ध्या तासात अंगावर येतात. लपायला मात्र एकही झाड नसतं, कारण झाडांची हद्द खाली संपलेली असते.

ही दोन कारणं वेगळी ओळखता आली तर निम्मं काम झालं. दुपारचा गडगडाट घड्याळ पाळतो, त्याच्या आधी खाली यायचं. विक्षोभ घड्याळ पाळत नाही, तो दिवस बघतो, त्याच्यापुढे बसून राहायचं. तयारीच्या यादीत सगळे जॅकेट आणि बूट लिहितात. मी सगळ्यात वर लिहिते, ‘एक रिकामा दिवस’.

यावर दर वर्षी वाद होतो. ‘त्या दिवशी करायचं काय?’ ‘त्यापेक्षा औली करू या ना.’ ‘माझी रजा वाया जाईल.’ एका काकांनी तर त्या दिवसाचे पैसे परत मागितले होते, कारण त्यात ‘काही दाखवलं नाही’. सहलींची छापील पत्रकं पाहिली की या लोकांचा दोष वाटत नाही. पहिला दिवस हरिद्वार, दुसरा सारी, तिसरा देवरियाताल, चौथा चंद्रशिलेवरून सूर्योदय, पाचव्या दिवशी रात्रीची परतीची गाडी. सूर्योदय तारखेनिशी छापलेला! मग चौथ्या दिवशी हवा बिघडली तरी माणसं वर जातात, कारण पाचवा दिवस गाडीला दिलेला असतो. डोंगरात माणसं वेडेपणाने अडचणीत येतात असं म्हणतात. मी पाहिलेली बहुतेक माणसं कन्फर्म तिकिटामुळे अडचणीत आलेली होती.

एका वर्षी आम्ही सारीत होतो. रात्रीपासून पाऊस, मधूनच गारा. सकाळी आमच्या गाईडने अंगणात उभं राहून चौखंब्याच्या दिशेला पाहिलं. तिकडे चौखंबा नव्हताच, नुसता राखाडी पडदा होता. तो म्हणाला, ‘दीदी, आज नीचे ही ठीक है.’ आम्ही खालीच राहिलो. मेंढीकोटाचे डाव झाले, होमस्टेच्या चुलीपाशी बसून मंडुव्याच्या भाकरी शिकून झाल्या (आपल्या नाचणीच्या भाकरीपेक्षा जाड, आणि शिकवणारी वहिनी आमच्या भाकरीला हसली). शेजारच्या घरात उतरलेला तरुणांचा एक गट मात्र जीपने चोपत्याकडे निघाला. दुसऱ्या रात्री हरिद्वारहून त्यांची गाडी होती.

संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांच्यातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाला दोघांनी धरून आणलं. जीन्स, सुती टी-शर्ट, वर हुडी, सगळं चिंब. सकाळी तो खूप कुडकुडत होता म्हणे, आता कुडकुडणं कमी झालंय, म्हणून मित्रांना बरं वाटलं होतं. मला ते ऐकून धस्स झालं. बोलताना त्याची जीभ जड पडत होती, जॅकेटची चेन त्याला स्वतःला उघडता येत नव्हती, आणि ‘मी ठीक आहे, मला झोपू द्या’ हे तो चिडून सांगत होता. हा हायपोथर्मिया. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरायला लागलं की असं होतं. कुडकुडणं हा शरीराचा स्वतःला तापवण्याचा उपाय आहे. माणूस अजून ओला-गारठलेला असताना ते थांबलं, तर तो बरा होत नसून शरीर हरायला लागलंय असं समजायचं.

त्याचे ओले कपडे उतरवले, कोरडे घातले, खाली जाड गादी आणि अंगावर दोन रजया. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी. शुद्धीवर होता, गिळता येत होतं, म्हणून गरम साखरपाणी घोट-घोट दिलं. कुणीतरी रम आणली, ती परत पाठवली. दारूने कातडीकडचा रक्तपुरवठा वाढतो, वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. हातपाय चोळायला निघालेल्या मित्रांनाही थांबवलं. अशा वेळी चोळाचोळ आणि हिसकाहिसकी हृदयाला झेपत नाही. जीप दारात उभी ठेवली होती, तासाभरात सुधारणा दिसली नसती तर उखीमठच्या दवाखान्यात नेणार होतो. पण तो पुन्हा कुडकुडायला लागला, मग बोलायला लागला, मग भूक लागली म्हणाला.

त्या दिवशी वर तापमान शून्याखाली नव्हतंच, चार-पाच अंश असेल. लोकांना वाटतं माणूस बर्फात गोठून मरतो. प्रत्यक्षात शून्याच्या जरा वरचा पाऊस आणि वारा हे मिश्रण कोरड्या बर्फापेक्षा वाईट, कारण बर्फ झटकता येतो, पाऊस कपड्यात मुरतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने ओढून नेतं. त्यात वारा. शून्य अंशाला ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे सातसारखं लागतं.

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशी आणि टिहरीच्या सीमेवरच्या सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातले ९ जण दगावले. बहुतेक मंडळी कर्नाटकातली होती, एक जण महाराष्ट्रातला. तिकडे मैदानात लोक लूने भाजत होते. सुमारे ४,४०० मीटरवर मात्र जून उजाडला तरी मोसम अजून वसंताचाच असतो, म्हणजे कधीही हिवाळ्यात परत जाणारा. आमचा मार्ग तितका उंच किंवा दूरचा नाही. तरीही ही बातमी मी बैठकीत सांगते, सविस्तर सांगते, आणि त्यानंतर रिकाम्या दिवसाबद्दलची कुरकुर कमी होते.

अंदाज बघायचाच. पण कसा बघायचा, तेही कळायला हवं. हवामान खात्याचा अंदाज जिल्ह्यासाठी असतो, आणि रुद्रप्रयाग जिल्ह्यात हजार मीटरच्या आतलं रुद्रप्रयाग गाव आहे तसं सात हजारांच्या घरातलं केदारनाथ शिखरही आहे. उंचीमागे दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, हा ढोबळ हिशेब ठेवला तर गावातले तीस म्हणजे चंद्रशिलेवर दहा-बारा, तेही ऊन असताना आणि वारा नसताना. म्हणून फोन उघडला की आधी बघायचं, हा आकडा कोणत्या उंचीचा आहे. पाच दिवसांपलीकडचा अंदाज मी नुसता वाचून सोडते. दोन दिवसांच्या आतला गंभीरपणे घेते. पिवळा इशारा या दिवसांत जवळजवळ नेहमीचाच, त्याला भ्यायचं नाही, लवकर निघून लवकर उतरायचं. नारिंगी दिसला की आमचा रिकामा दिवस तिथे खर्च होतो. चोपत्यात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून शेवटचा अंदाज उखीमठलाच उतरवून घेते, कागदावर.

विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. ते पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालंय, याचा आम्हा पुणेकरांना उगाच अभिमान. तसं हवामान खात्याचं मुख्यालयच १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं होतं, शिवाजीनगरच्या ‘शिमला ऑफिस’ला ते नाव त्यामुळेच मिळालं. हल्लीच्या मुलांना तो फक्त बसचा स्टॉप वाटतो. ‘दामिनी’ आजूबाजूच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडत असेल तर कळवते, पण तिलाही नेटवर्क लागतं. धारेवर आपले कान बरे. वीज चमकल्यावर मोजायला लागायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब धार सोडून उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत चढायचं नाही. एकट्या झाडाखाली, खडकाच्या उथळ कपारीत किंवा टपरीच्या पत्र्याखाली शिरू नये, घोळका करू नये. काठ्या गुणगुणायला लागल्या, केस उभे राहिले, तर फार थोडा वेळ उरलाय.

यंत्रांपैकी मला आवडतं ते उंची दाखवणारं घड्याळ. ते उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची सांगतं. म्हणून रात्री झोपताना आकडा बघून ठेवायचा. आपण जागचे हललो नाही, तरी सकाळी घड्याळ चाळीस मीटर वर चढल्याचं सांगत असेल, तर त्याचा अर्थ दाब चारएक मिलिबारने उतरलाय. विक्षोभ जवळ आला. घड्याळ नसेल तर आदल्या दिवशीचं आकाश. पिसांसारखे उंच ढग पश्चिमेकडून सरकायला लागले, मग चंद्राला मोठं खळं पडलं, की चोवीस तासांत काहीतरी येण्याची शक्यता धरावी. आमचा गाईड यातलं काही बोलत नाही. तो संध्याकाळी चौखंब्याच्या माथ्यावरून उडणारा बर्फाचा तुरा बघतो आणि सांगतो, उद्या चारला की उद्या नाही.

‘चारला’ म्हणजे पहाटे चारला. यावरही कुरकुर होते. पण सात-साडेसातपर्यंत तुंगनाथ, नऊपर्यंत चंद्रशिला आणि अकराच्या आत परत मंदिराखाली, हे गणित चुकवायचं नाही. साडेनऊला जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा दोनशे पावलांवर का असेना. हे खाली असताना ठरवायचं आणि सगळ्यांच्या देखत बोलून दाखवायचं, कारण वर गेल्यावर दोनशे पावलं सोडायला कुणी तयार नसतं. लवकर निघण्याची एक किंमत मात्र आहे. एप्रिलमध्ये मंदिराच्या अलीकडे वाटेवर बर्फाचे पट्टे असतात आणि पहाटे ते काचेसारखे कडक असतात. बुटाला बांधायचे छोटे खिळे, तिकडे सगळे ‘मायक्रोस्पाइक’ म्हणतात, ते चोपत्यात भाड्याने मिळतात. घ्यावेत. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो, मांडीपर्यंत पाय जातो आणि बूट आतून भिजतात. या दोन्हींत मला पहाटेचा कडक बर्फ परवडतो. मंदिराची कपाटं, म्हणजे दारं, उघडायच्या आधी गेलात, म्हणजे साधारण एप्रिलअखेरच्या आत, तर वरची दुकानं बहुतेक बंद असतात. चहा नाही, आडोसाही नाही, हे धरून चालावं.

सॅकबद्दल फार लिहीत नाही, त्याच्या याद्या सगळीकडे मिळतात. माझा आग्रह थोड्याच गोष्टींवर. सुती काही नको, जीन्स तर नकोच. अंगालगत पॉलिस्टर किंवा लोकरीचं, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं. पिसांचं फुगीर जॅकेट मुक्कामावर छान, पण भिजलं की त्याची ऊब गेलीच. छत्री जंगलातल्या वाटेवर चालते, धारेवर वारा तिची काय अवस्था करतो ते बघून मुलं पोट धरून हसतात. सॅकवरचं कव्हर उडून जातं, म्हणून सॅकच्या आत कचऱ्याची मोठी जाड काळी पिशवी आणि सगळं सामान तिच्यात. कोरडे मोजे, हातमोज्यांची दुसरी जोडी आणि एक कोरडा थर त्या पिशवीच्या तळाशी. तो थर कितीही गारठलं तरी चालताना घालायचा नाही, मुक्कामासाठी राखायचा. गॉगल फॅशनसाठी नाही. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्याने डोळे भाजतात आणि ते संध्याकाळी कळतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही क्रीम लावा, ऊन खालूनही येतं. फोन रात्री अंथरुणात घ्यावा, थंडीत बॅटरी बसते. खायला शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की खिशात, सॅकमध्ये नाही. पावसात सॅक उघडायचा कंटाळा येतो आणि उपाशी माणूस लवकर गारठतो.

हिशेबातली एक गोष्ट राहिली. रिकाम्या दिवसाची मजुरी गाईडला आणि पोर्टरला पूर्ण द्यायची, आणि ते निघायच्या आधीच सांगून टाकायचं. बसून राहिलं तर पैसे बुडणार हे ज्याला माहीत आहे, त्याने ‘आज नीचे ही ठीक है’ असं म्हणावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

आणि हवा चांगलीच राहिली, दिवस वापरावाच लागला नाही, तर तो परतीच्या वाटेवर घालवतो. रस्त्यातही त्याची गरज पडू शकते. एका पावसात दरड येते आणि रुद्रप्रयागच्या खाली तीन-तीन तास गाड्यांची रांग लागते. रस्ता मोकळा मिळाला तर उखीमठला ओंकारेश्वराच्या मंदिरात निवांत बसता येतं, हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथेच होते. मग देवप्रयागला उतरून अलकनंदा आणि भागीरथीचे दोन रंग बघायचे. हरिद्वारला गाडीच्या आधी दोन तास पोहोचलो, तर ज्या काकांनी पैसे परत मागितले होते, ते सगळ्यांना कचोरी खाऊ घालतात.